भाऊ, झाकण तेवढं उघडा

जेटच्या छिद्रातून आभाळ दिसत होतं. सुईच्या टोकाएवढं, पण अख्खं. निळं, गोल, कुठंही न फाटलेलं. कार्बोरेटरमधला, पेट्रोल सोडणारा पितळेचा तो हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरून, एक डोळा मिटून सोमाजी उन्हाकडे पाहत राहिला, आणि त्याच्या मनात आलं की यात काहीतरी अडकलेलं असायला हवं होतं—रेतीचा कण, मुंगीचा पाय, काहीही... मग सगळं किती सोपं झालं असतं. त्याने फुंकर मारली. फुंकर कुठं अडली नाही. जेट काल दुकानात स्वच्छ होतं, परवाही होतं, आणि आज इथे, कोठारीच्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडे गाडी खोकून खोकून मेल्यावरही ते तितकंच स्वच्छ होतं. इतकं, की त्या स्वच्छपणाचीच त्याला लाज वाटू लागली.

"निघालं का काई?" सागाच्या सावलीतून गुणवंतरावांनी विचारलं.

"पाहून राह्यलो, भाऊ."

"पाह्य, पाह्य. मले काई घाई नाई. वाघ आला त त्याले सांगू, बस बाप्पा घडीभर, मिस्त्री पाहून राह्यला."

गाडी गुणवंतरावांची. लढाई संपल्यावर कामठीच्या लिलावात घेतलेली, लष्करातली, विलायती. हिरवा रंग उडून काळी पडलेली, आणि आवाज असा की गोंडपिपरीत किक मारली तर पलीकडच्या गावची म्हातारी सुनेला म्हणे, भात उतरव, गुणवंतराव जेवायला निघाले. धोतरावर कोट घालून मोटारसायकल चालवणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नसावा. या गाडीच्या आवाजाने एकदा रस्त्यात बसलेला वाघ उठला, बाजूला झाला आणि मान लववून गेला, असं ते सांगत. पुढे त्या वाघासोबत वाघीण आली, आणि अलीकडे तर बछडेही मान लववायला लागले होते. सोमाजीही काही कमी नव्हता. हिचा कार्बोरेटर जंगलात गळून पडला तेव्हा आपण करवंटीतून थेंब थेंब पेट्रोल पाजत ती घरी आणली, ही त्याची गोष्ट. आरंभी ती पुलापासून घरापर्यंत होती, मग कोठारीपासून झाली, आणि परवा-परवा चौकात तिने वर्धा नदीसुद्धा ओलांडली होती. लोक हसत, आणि हसता हसता मानतही. कारण एवढं खरं होतं की ही गाडी गावात त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला ऐकत नसे.

आणि दसऱ्यापासून ती त्याच्याही हाताला ऐकेना. दुकानात नीट चाले, तासभर चाले. रस्त्यावर काढली की थोडं अंतर झकास, मग चढ लागल्यासारखी ओढ कमी, मग खोकला, मग गप्प. जरा थांबलं, खाटखुट केली, की पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा अशी थांबत थांबत परत आणली तेव्हा चौकात सगळ्यांच्या देखत गुणवंतराव म्हणाले होते, "राग मानू नोको सोमा, एकवार कोठारीले जाऊन येऊ. आली न थांबता त आली. नाई त उद्या ट्रकात टाकतो अन् चांद्याच्या मिस्त्रीले दाखवतो." सोमाजीला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, रागात मान तरी वर राहते. त्याने नुसती मान हलवली होती, पान्हा पुसत, पुसलेलाच पान्हा पुन्हा पुसत. आणि आज जातानाच ती थांबली होती.

पेट्रोलचा रस्ता तो मनातल्या मनात पुन्हा चालून आला—टाकीखालचा कॉक, कॉकमधली जाळी, नळी, फ्लोटची वाटी, वाटीतली सुई, जेट. जेटपासून उलटा कॉकपर्यंत गेला. तिथून पुन्हा खाली. कॉकच्या वर काय, टाकी, टाकीत पेट्रोल, त्यात पाहण्यासारखं काय आहे... जेट बसवलं, वाटी बसवली, नळी लावली. कार्बोरेटरवर तसाच वाकलेला असताना, मान वर न करता, तो म्हणाला,

"भाऊ, झाकण तेवढं उघडा बरं. पेट्रोल पाहा किती आहे."

गुणवंतराव गुडघ्यावर हात देऊन उठले, आले, टाकीचं झाकण त्यांनी फिरवून उचललं. "अर्धी आहे न टाकी." झाकण परत लावलं. सोमाजीने कार्बोरेटरची घुंडी दाबली. पेट्रोल भसकन ओसंडून बोटांवर आलं, थंडगार. एक किक, आणि गाडी अशी बोलली की सागावरचे पोपट उठले.

"पाह्य! मी उठलो त हेही उठली," गुणवंतराव मागे बसत म्हणाले. "जातानाचं सोडून देलं. येतानाचं पाहू."

कोठारीला नथ्थूच्या हॉटेलात—हॉटेल म्हणजे दोन बाकं आणि एक भट्टी—बांबूच्या ट्रकवरचे लोक चहा पीत होते. बल्लारपूरच्या पेपर मिलकडे निघालेला ट्रक रस्त्याकडेला उभा होता. नथ्थूने गाडी पाहिली, मग सोमाजीचे काळे हात पाहिले.

"आली का बाप्पा? मी त तुमचे दोन चहा धरलेच नोहोते."

"रस्त्यात बसली होती," गुणवंतराव म्हणाले, मोठ्या खुशीने. "सोमानं सारं खोललं, पुसलं, जोडलं. नाईच म्हणते. मी उठलो, झाकण उघडून पाह्यलं, अन् झाली चालू."

"मंग मिस्त्री तुमीच झाले न, भाऊ. सोमाभाऊले आता मांगच्या सीटवर बसवा, छत्री धराले."

ट्रकवाले हसले. सोमाजीही हसला, कप ओठाला लावून हसला, म्हणजे चेहरा निम्मा झाकला जाईल असा. आणि त्या हसण्याच्या आत, चहाच्या पहिल्या घोटासरशी, त्याला तो आवाज ऐकू आला. फुस्स. एवढासा. तो आता झालेला नव्हता; तो मघाशी नाल्यापाशी झाला होता, गुणवंतरावांनी झाकण फिरवलं तेव्हा, आणि त्याच्या आधी दुकानात, आणि त्याच्याही आधी एकदा... कान तो प्रत्येक वेळी ऐकत होते आणि कुठंतरी ठेवून देत होते. वारा आत शिरल्याचा आवाज.

झाकणाला छिद्र असतं. हे काय मला कुणी सांगायला हवं? पेट्रोल खाली जायचं तर वरून वारा आत यावा लागतो, वारा आला नाही तर टाकी पेट्रोल धरून ठेवते, सोडत नाही. पपईच्या पानाची पोकळ दांडी पाण्यात बुडवून, वरच्या तोंडावर बोट ठेवून आपणच हे किती जणांना दाखवलं. पाहा, बोट ठेवलं तर पाणी दांडीतच अडतं, बोट उचललं तर पडतं. मिलमधल्या कामगारांच्या गाड्या अशाच तर नीट करून दिल्या. गाडी थोडं चालते आणि मरते, थांबलं की चालते, हे ऐकलं की पहिला हात झाकणावर जायचा. पहिला हात.

त्याने कप खाली ठेवला आणि बसल्या जागेवरून गाडीकडे पाहिलं.

झाकणावर हळद होती. चांगली जाड, तेलात कालवलेली, दसऱ्याची. तिच्या मधोमध कुंकवाचा टिळा, आणि टिळ्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा. सगळं वाळून, कडक होऊन, लाखेसारखं बसलेलं. दर वर्षी भागीरथाबाई, गुणवंतरावांच्या घरच्या, ती पूजा पुढच्या दिव्याला करीत. यंदा दिवा नव्हता. दिवा सोमाजीनेच उतरवून बल्लारपूरला चकाकी करायला दिला होता. म्हणून मग झाकण, गोल, दिव्यासारखंच.

त्याने ते आज पाहिलं असं नव्हतं. हीच तर गोष्ट... पहिल्या दिवसापासून ते त्याच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर होतं. गाडी दुकानात आली की तो आधी टाकी पुसे, ही त्याची शिस्त. टाकी आताही चकचकत होती. आणि झाकणाभोवती मात्र, फडकं जिथून जिथून वळलं होतं तिथे, धुळीचं एक नीट गोल कडं राहिलं होतं. कुणी कंपासने काढावं तसं. हात आपसूक इतका नेमका वळत होता... आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालून म्हणत होतो, भाऊ, झाकण तेवढं उघडा. पहिल्यांदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आज म्हटलं. दुसऱ्या कुणाला मी कधी म्हणतो का? बाकीच्यांच्या गाडीचं झाकण मी दाताने उघडीन. दुकानात प्रत्येक वेळी गुणवंतरावांनी ते उघडून दिलेलं, सैल ठेवलेलं, म्हणून गाडी तिथे तासभर चाले.

"काय गा सोमा, चहा थंडा होऊन राह्यला."

"हो, भाऊ."

नाही, असं नाही, त्याने स्वतःला समजावलं. आपण मान राखला. बाईमाणसाने श्रद्धेने लावलेलं, आपण कशाला पुसावं, आपल्याला पटो न पटो. हे बरं वाटलं. घोटभर बरं वाटलं. पण मान राखायचा असता तर विचारलं असतं, भाऊ, हे जरा पुसू का. विचारायचं सुचलंच नव्हतं. विचारायला आधी ते दिसावं लागतं, आणि त्याने ते दिसू दिलं नव्हतं.

चाक दिसलं. छकड्याचं. कुठलं गाव, कुणाचं घर, त्याची नावंही आता विरत चालली होती, पण चाक स्पष्ट—दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. बाप, देवाजी, बैल धरून उभा. पोरगा सोमा एरंडीच्या तेलाचा बोळा घेऊन चाकाच्या मधल्या तुंब्याला वंगण करतोय, जुनं काळं वंगण पुसता पुसता वरचं कुंकूही पुसलं गेलं. कुणी मारलं नाही. कुणी ओरडलंही नाही. घरातून एक बाई बादली घेऊन आली, चाकावर पाणी ओतलं, हाताने चोळून चाक धुतलं, पदराने पुसलं, आणि नवा टिळा लावून आत गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहत नाहीत तसं. बाप बैलाच्या मानेआड तोंड करून होता. परत येताना बांधावर म्हणाला, "टिळा दिसला का हात दूर ठेवत जाय, बापा. आपलं काई जात नाई." आपलं काही जात नाही! पोराला तेव्हा समजलं नव्हतं की मग हे काहीतरी गेल्यासारखं कुठं वाटतंय.

नंतर चांद्याची धम्मदीक्षा. तो तेव्हा मिशी फुटू लागलेला, पांढरा सदरा, गर्दीत बापाचा हात घट्ट धरलेला. घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडायला गेले तेव्हा देवाजीचा हात कापायला लागला. सोमाजीने ते बापाच्या ओंजळीतून घेतले आणि भिरकावले, नदीच्या मधोमध. ही गोष्ट त्याने वाढवली नव्हती. हिला वाढवायची गरजच पडली नाही. यंदा याच महिन्यात, दीक्षेच्या वर्धापनदिनी, विहारात पोरांपुढे उभं राहून त्याने ती सांगितली होती, "माह्या बापाचा हात कापला, माहा नाई कापला," आणि टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या घेऊन तो सायकलवरून दुकानात आला होता, कुलूप काढलं होतं, ही गाडी समोर उभी होती, आणि त्याने फडकं घेऊन टाकी पुसली होती... कडं सोडून. हात कापला नाही हे खरंच. तो कधीच कापला नाही. तो नुसता वळला.

"चाल," गुणवंतराव उठले. "आता खरी परीक्षा."

इथेच करता आलं असतं. उठावं, नखाने खरवडावं, दोन मिनिटांचं काम. पण नथ्थू पाहत होता, ट्रकवाले पाहत होते, आणि सोमाजीला आपल्या हाताची भीती वाटली. तो सगळ्यांसमोर पुन्हा वळेल याची. किंवा वळणार नाही, आणि कुणीतरी बादली घेऊन येईल. कोण येणार बादली घेऊन? नथ्थू? मूर्खपणा. मूर्खपणा आहे हे कळत होतं, आणि कळूनही तो गाडीवर बसला, झाकण होतं तसं ठेवून, आणि रस्त्याला लागला.

दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत आलं होतं, मग जंगल. गाडी झकास चालत होती. त्याला माहीत होतं ती किती वेळ चालेल. टाकीच्या आत पेट्रोल खाली जातंय, वर पोकळी वाढतेय, छातीत श्वास धरून ठेवल्यासारखी. झाकण त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे होतं, लाल, पिवळं, त्याच्याकडेच तोंड केलेलं. मागे गुणवंतराव वाऱ्यावर ओरडत वाघाचं काहीतरी सांगत होते. आता ते मागे होते. आता त्यांना झाकण उघडा म्हणता येत नव्हतं.

नाला गेला. उताराच्या शेवटी ओढ कमी झाली.

"गेली का बे?"

खोकला आला, पहिला, दुसरा. हँडलवरचा डावा हात त्याला स्वतःचा वाटेना. तो उचलला असं त्याने मनात म्हटलं आणि तो हँडलवरच राहिला. बोटं पांढरी पडलेली. उद्या ट्रक, आणि चांद्याचा मिस्त्री, तो गाडीपाशी येईल, झाकण पाहील, अंगठ्याने पुसून टाकील आणि हसेल... याला एवढंही कळलं नाही? नाही, याला कळत होतं. हे त्याला कोण सांगणार? मी सांगणार? पुन्हा खोकला. सांगण्यापेक्षा... आणि हात उठला. रस्ता सरळ होता, नजर पुढे, हात एकटाच खाली गेला, आंधळ्यासारखा, आणि अंगठ्याचं नख त्या कडक थरात शिरलं. भुगा झाला. तांदळाचा दाणा उडाला. नखाखाली छिद्र लागलं, जेटच्या छिद्राएवढं, आणि फुस्स... टाकीने श्वास घेतला.

आणि त्याच्या तोंडून निघालं, स्पष्ट, मोठ्याने—"चुकलं, भाऊ."

"आँ? काय म्हनलं?"

इंजिनाने पेट्रोल धरलं होतं. गाडीने अशी उसळी घेतली की गुणवंतरावांची टोपी मागे जाता जाता राहिली. सोमाजीने गाडी दामटली, गरज नसताना दामटली, त्या आवाजाखाली तो शब्द गाडला जावा म्हणून. पण शब्द कानात होता. हाताचं एक वेळ समजेल. जिभेला कुणी शिकवलं होतं? बापाने तर तेव्हा एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

चौकात माणसं थांबलेलीच होती. गाडी न थांबता आली, चौकाला एक फेरी मारून उभी राहिली, आणि गुणवंतराव उतरले ते सांगतच उतरले.

"अरे, काय सांगू तुमाले! नाल्यापाशी मेलीच होती. मरणाचा घोगरा लागला होता तिले. हा गडी उतरला नाई, पान्हा काढला नाई, काई नाई. चालत्या गाडीवर यानं असा हात ठेवला टाकीवर, गाईच्या पाठीवर ठेवते न, तसा. अन् काई तरी पुटपुटला. मी कानानं आयकलं. मंतर म्हणा का काई म्हणा. गाडी अशी उडाली का मी आभाळात अन् सीट खाली!"

लोक हसले. कुणीतरी सोमाजीच्या पाठीत थाप मारली. उद्या त्या गोष्टीत गाडी नाल्यावरून उडी मारील, परवा वाघ बाजूला बसून पाहील. आणि ती सगळीकडे सांगितली जाईल, विहारातही, आणि दर वेळी तिच्या मधोमध त्याचा हात असेल आणि त्याचं पुटपुटणं. एरवी त्याने स्वतःच तिला मीठमिरची लावली असती.

"भाऊ," तो म्हणाला, "ते कुंकू... निघालं थोडं."

गुणवंतरावांनी झाकणाकडे पाहिलं, पाहिलं न पाहिलं. "निघालं त निघालं. भागीरथेले म्हनलं होतं मी, तिथं नोको लावू, पेट्रोलचा वास लागते देवाले." आणि पुन्हा लोकांकडे वळून ते गाडी कशी उडाली ते सांगू लागले. मग मधेच थांबून, "पण होतं काय रे मंग, सोमा?"

"कचरा होता."

"कुठी?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते, कौतुकाने. तो खाली वाकला आणि कॉक बंद केला, जो त्याने आधीच बंद केला होता.

घरी मनकर्णा अंगणात धान्य पाखडत होती. "झाली गाडी?" तिने विचारलं. झाली, तो म्हणाला. "मंग तोंड काऊन असं?" तो न्हाणीपाशी गेला, धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि अंगठा चोळला. नखाखालची हळद साबण लागताच तांबडी झाली, होती त्याहून गडद, आणि फेसातून बोटांवर उतरली. त्याने आणखी जोरात चोळलं. गडवा उचलला, पाणी ओतायला तिरका केला...

आणि गडवा तसाच तिरका राहिला. चाकावर पाणी पडलं होतं, खळखळून. हाताने चोळून चाक धुतलं होतं. आपण आता हे काय धुतोय? त्यांनी माझ्या हाताचा विटाळ धुतला चाकावरून. मी कुणाचा धुतोय? न धुवावा, तर तो तांबडा अंगठा घेऊन आत जायचं, जेवायला बसायचं. धुवावा, तर...

"आवो, पाणी सांडून राह्यलं," मनकर्णा म्हणाली.

गडव्याच्या काठावरून पाण्याची धार मातीत पडत होती, हातापासून जराशी बाजूला.